सगळ्यांना जमेल असा खेळ

आमचं घर बडनेऱ्याच्या बाहेर, मळ्याला लागून होतं. सासरे, सासूबाई, तिघं भाऊ, आम्ही तिघी जावा, एक विधवा नणंद आणि आम्हा सगळ्यांची लेकरं, असा तो पसारा. भाजीचा मळा म्हटलं की त्याला सुट्टी नसते. मोट पहाटे सुरू व्हायची. दिवसभर खुरपण, तोडणी. संध्याकाळी सगळ्या बाया ओसरीत गोल बसून मेथीच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, कारण उजाडायच्या आत माल अमरावतीच्या गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, पोचला पाहिजे. मी थोरली सून. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, एवढं मोठं घर, गप्पांना काय तोटा. पण जुड्या बांधताना बोललं की हात मंदावतो, म्हणून सासूबाई बोलू देत नसत. त्यांचंही चुकत नव्हतं.

मधली जाऊ बाळापूरची. तिच्या माहेरी पाहुण्यांचा राबता फार, त्यामुळे ती हसत बोलत वाढलेली. आमच्याकडे येऊन तीन-चार वर्षांत ती गप्प झाली. भांडण नाही, तंटा नाही, फक्त गप्प. एका संक्रांतीला माहेरी गेली आणि परत यायचं नाव घेईना. तिच्या भावानं निरोप आणला की बहिणीला कुणाचा जाच नाही, खायला-प्यायला कमी नाही, पण तिला त्या घरात जायचं नाही. का, असं सासऱ्यांनी विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "ती म्हनते, तिथं वांग्या-मुळ्याबिगर कोनी बोलत नाई."

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस उजेडात काळ्या खांबासारखा दिसतो, असं ते सांगायचे. असा माणूस धाकट्या दिरांचा हात धरून गाडीनं अकोल्याला गेला आणि तिथून बैलबंडीनं बाळापूरला. सुनेला आणायला सासरा स्वतः जातो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तिथं त्यांचं काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. मधली परत आली मात्र.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी सगळ्यांना बसवलं. अमावास्येला आमच्याकडे बैल जुंपत नसत. मोट बंद, बंडी बंद, डोक्यावरून जाईल तेवढाच माल गुजरीत. तर त्या दिवशी दुपारनंतर घरातल्या सगळ्यांनी मिळून काहीतरी करमणूक करायची, असं त्यांनी ठरवलं. एकट्यादुकट्यानं नाही, सगळ्यांनी. काय करायचं, असं मधल्या दिरांनी विचारलं. मामाजी म्हणाले, "ते सूनबाई ठरवन. कोन काय खाते ते तिले ठाऊक हाय, तं कोनाले काय जमते ते बी ठाऊक असन."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी धाकटी लेक तेव्हा अंगावर पीत होती, रात्रीची झोप होत नव्हती, आणि आता घराला हसवायचंही काम माझ्याकडे आलं. मी मान डोलावली. नाही म्हणायला जो जोर लागतो तोही तेव्हा अंगात नव्हता.

पहिल्यांदा मी सिनेमा निवडला. अमरावतीत तंबू लागला होता आणि लहान्या जावेला तो बघायची फार हौस होती. बडनेऱ्याहून अमरावतीला जाणारी छोटी गाडी पकडून आम्ही सगळे गेलो. सगळे म्हणजे नणंदबाई सोडून. त्यांचं कपाळ पांढरं, तमाशा बघायला गेल्या म्हणून चार लोक बोलतील, अशी त्यांना भीती. "तुमी जा. मी घरी राहतो, बैलाईले चारा टाकतो," एवढंच म्हणाल्या.

तंबूत बायकांची बाजू कापड लावून वेगळी केलेली होती. सिनेमा मुका. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती आणि खाली एक जण पेटी वाजवत होता, दुसरा तबला. मामाजींना पडदा दिसत नव्हता. त्यांना फक्त पेटी ऐकू येत होती. ते मधूनमधून मोठ्यानं विचारत, आता काय होऊन राहिलं, आणि धाकटे दिर सांगत, की राजा घोड्यावर बसला, आता उतरला. पुढच्या-मागच्यांनी दोघांना दटावलं. मग मामाजी गप्प बसले. पडद्यावर घोडे अंगावर धावून आल्यासारखे दिसले तेव्हा मधलीचा मुलगा किंचाळला आणि तिला त्याला घेऊन बाहेर उभं राहावं लागलं. सासूबाई बसल्या जागी झोपल्या. एकूण पाहिलं ते लहान्या जावेनं आणि तिच्या नवऱ्यानं.

परतताना गाडीत लेकरं भुकेनं रडत होती. घरी आल्यावर नणंदबाईंनी भाकरी करून ठेवलेल्या होत्या म्हणून निभावलं. मामाजी जेवताना म्हणाले, पेटीवाला चांगला होता. त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हे मला कळलं.

चैत्रात मी रोडगे ठरवले. मळ्यापलीकडे नाल्याच्या काठाला आंब्याची झाडं होती. तिथं गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची, सावलीत जेवायचं. घरापासून जवळ, परकं कुणी बघायला नाही, म्हणजे नणंदबाईंनाही येता येईल. मला वाटलं, हे बरोबर जमेल.

बैल जुंपायचे नाहीत, तेव्हा कणीक, भांडी, गोवऱ्या, पाणी, सगळं डोक्यावरून न्यावं लागलं. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना दोघींनी धरून न्यायचं. तिथं पोचल्यावर पुरुषमंडळी झाडाखाली पत्ते घेऊन बसली, लेकरं नाल्यात उतरली, आणि आम्ही चौघी बाया धुरात. वारा सारखा फिरत होता. कुठंही बसलं तरी धूर तोंडावरच यायचा. मधली डोळे पुसत म्हणाली, "बाई, घरी चूल तरी भिंतीच्या आड होती." ती चिडून बोलली नव्हती. मला मात्र ते लागलं, कारण तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चालला होता.

जेवण छान झालं, असं सगळे म्हणाले. भांडी घासायला आम्ही नाल्यावर बसलो तेव्हा पुरुष सावलीत आडवे झाले होते. संध्याकाळी सगळं परत डोक्यावर घेतलं. वाटेत माझ्या मनात एकच होतं, की उद्या मोट सुरू होईल, तोडणी असेल, जुड्या असतील, आणि तो दिवस आजच्यापेक्षा हलका जाईल.

उन्हाळा तापला तेव्हा घरातच बसून खेळायचा खेळ म्हणून मी माळ्यावरचा चौपटीचा पट काढला. चौपट खेळतात चौघं. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मामाजींना सोंगट्या दिसायच्या नाहीत, तरी हातानं चाचपून ते खेळले. पण चाचपताना दुसऱ्याच्या सोंगट्या हलायच्या. दुसऱ्या अमावास्येला मधल्या आणि धाकट्या दिरांचं एका दानावरून वाजलं. कवड्या किती उताण्या पडल्या, एवढंच कारण. मोठ्यानं बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून एकमेकांशी बोलणं बंद.

आता आमच्याकडे मोट मधले दिर हाकायचे आणि वाफ्याला पाणी धाकटे वळवायचे. एक वाफा भरला की धाकट्यांनी ओरडून सांगायचं, थांब म्हणून. ते ओरडणं बंद झालं. मेथीच्या वाफ्यात पाणी साचलं आणि हातातोंडाशी आलेली मेथी कुजली. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, ती कुजलेली मेथी उपसून बांधावर टाकली. ते मुळात कमी बोलणारे. मला म्हणाले, "पट माळ्यावर ठेवून दे."

त्या दिवशी मी मामाजींच्या खाटेजवळ जाऊन बसले आणि सांगितलं की आता माझ्यानं होत नाही. मी निवडते त्यात कुणी ना कुणी बाहेर राहतं. ज्याला चालता येतं त्याला बसवत नाही, ज्याला बसवतं त्याला दिसत नाही, आणि ज्याला सगळं जमतं त्याला लोकांची लाज. त्यात माझे हात कामातून सुटतच नाहीत. मामाजी म्हणाले, राहू दे, पावसाळा आला, पावसाळ्यात कुणाला वेळ असतो. मला सुटल्यासारखं झालं. मधलीकडे बघायचं मात्र मी टाळलं.

भादव्याच्या पुनवेला घरातल्या पोरींनी भुलाबाई बसवली. आमच्या वऱ्हाडात महिनाभर, कोजागिरीपर्यंत, मातीच्या भुलाबाई-भुलोजींसमोर मुली रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. गाणी संपली की खिरापत असते. घरातल्या बाईनं ती झाकल्या डब्यात आणायची, आणि मुलींनी डबा न उघडता, आत काय आहे ते ओळखायचं. गोड की खारं, ओलं की कोरडं, असं विचारत विचारत जवळ यायचं. ओळखलं की डबा उघडायचा आणि वाटून खायचं. हा पोरींचा खेळ, मोठी माणसं त्यात नसत. मामाजी खाटेवर पडून ऐकायचे, एवढंच.

एका संध्याकाळी पोरींना काही केल्या ओळखता येईना. माझी थोरली रडकुंडीला आली. तेव्हा मामाजी खाटेवरून म्हणाले, "इकडे आन बरं तो डबा." पोरीनं नेऊन दिला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला. एकदा जोरात, एकदा हळू. मग म्हणाले, "फुटाने." ते फुटाणे नव्हते, पण फुटाणे म्हणताना त्यांचा चेहरा इतका ठाम होता की पोरी हसायला लागल्या. त्यांनी परत हलवला. "शेंगदाने." नाही. एवढ्यात आतल्या खोलीतून, दाराआडून आवाज आला, "कुटाची चिक्की हाय. तुकडे डब्याले चिकटून सुटून राहिले."

त्या नणंदबाई होत्या. भुलाबाई म्हणजे सवाष्णींचं, लेकराबाळांचं. म्हणून त्या संध्याकाळी समोर येत नसत, आत बसून तांदूळ निवडत. पण कान तर होते. त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मी डबा उघडला तेव्हा पोरी ओरडल्या आणि मधलीही हसली. बाळापूरहून आल्यापासून तिचं मोठ्यानं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून जुड्या बांधता बांधता डबा सगळ्यांत फिरू लागला. मधले दिर मोटेवरून आले की आधी डबा हलवायचे, मग पाय धुवायचे. धाकट्यांनी काही म्हटलं की मधले मुद्दाम त्याच्या उलट म्हणायचे. अशा रीतीनं दोघांचं बोलणं सुरू झालं, कुणी समेट घडवला नाही. सासूबाईंना बसल्या जागेवरून खेळता यायचं, मग त्यांचं बोलू नका म्हणणंही सुटलं. मामाजींना दिसत नाही याचा इथं काही तोटा नव्हता, उलट तेच सगळ्यांत तरबेज झाले. नणंदबाई दाराआडूनच खेळायच्या. काही दिवसांनी दार अर्धं उघडं राहू लागलं.

कोजागिरीला भुलाबाईचं विसर्जन झालं. पुढची अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजनाची. त्या दुपारी मामाजींनी विचारलं, "सूनबाई, डबा कुठं हाय?"

असा तो खेळ आमच्या घराला लागला, आणि त्याबरोबर माझं एक काम वाढलं. अमावास्येला काहीतरी नवं करायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही. मोठ्या घरात लपवून काही करणं किती कठीण असतं. कशाला फोडणी दिली, काय भाजलं, वास साऱ्या घरात जातो. म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठायची, दळायची, लाडू वळून धान्याच्या कणगीमागं ठेवायची, आणि मग रोजचा दिवस सुरू करायची. संध्याकाळी सगळे डब्याभोवती बसत, डोकी लढवत, आणि मी भिंतीला टेकून बसायची. मला काय ओळखायचं होतं? माझंच केलेलं. कुणी विचारायचं गोड का, मी हो म्हणायची. ओलं का, नाही म्हणायची. डोळे मिटायचे. एकदा हो आणि नाहीची गल्लत झाली आणि सगळे माझ्यावर चिडले.

हिवाळ्यात एक अमावास्या अशी आली की मी काही केलंच नाही. ठरवून नाही. पहाटे उठले, चूल पेटवली, तिच्यापुढं बसले आणि बसूनच राहिले. संध्याकाळी सगळे ओसरीत जमले. पोरीनं डबा मागितला. मी तो रिकामाच आणून मध्ये ठेवला.

धाकटे दिर म्हणाले, वहिनी, यात तर काहीच नाही.

"नाई ना," मी म्हटलं. "मले बी ओळखाचं हाय. म्या एकदा बी ओळखलं नाई."

सासूबाईंचा हात जुडीवर थांबला. मला वाटलं आता कुणीतरी रागावेल, निदान मधली तरी उठून स्वयंपाकघरात जाईल. ती उठलीही होती, पण त्याआधीच माझे यजमान उठले, डबा उचलला आणि मळ्याकडे निघून गेले. अंधार पडत आला होता. बराच वेळ ते आले नाहीत. मामाजी म्हणाले, थांबा, येईल तो.

ते आले आणि डबा माझ्या मांडीवर ठेवून आपल्या जागी बसले. मी हलवला. आवाज नाही. परत हलवला. काहीच नाही. घरातल्या कुठल्याही डब्यात काय आहे ते मला न उघडता सांगता यायचं, आणि हा हातात घेऊन मी गोंधळून बसले. "गोड हाय का?" मी विचारलं. ते म्हणाले, नाही. खारं? नाही. आंबट? तेही नाही. मळ्यातलं का? हो म्हणाले. मी वाटाणा म्हटलं, भेदरं, म्हणजे टोमॅटो, म्हटलं, कोवळी काकडी म्हटलं. आवाज न करणारी काकडी कुठली, म्हणून पोरी हसल्या. शेवटी मी म्हटलं, "रिकामाच हाय."

"उघड," ते म्हणाले.

आत शेवंतीची फुलं होती, पिवळी, दांडीसकट, डबाभर दाबून भरलेली. म्हणून आवाज होत नव्हता. आमच्या मळ्यात शेवंती होती, पण ती गुजरीत जायची. घरच्या बायांनी माळायची ती देठ मोडलेली, पाकळ्या गळालेली. चांगलं फूल डोक्यात घालायचं आमच्या मनातही येत नसे.

नणंदबाई दारातून म्हणाल्या की हा डाव बाद, खिरापत खायची असते, हे खाता येत नाही. मामाजींनी त्यांची बाजू घेतली. मधली म्हणाली, खाता येत नसलं तरी वाटता येतं. आणि तिनं डबा घेऊन एकेकीला फूल दिलं, पोरींना, सासूबाईंना, लहानीला, मला. नणंदबाईंपाशी ती क्षणभर थांबली आणि त्यांच्या ओंजळीत दोन ठेवली. त्यांनी ती देवापुढं नेऊन वाहिली.

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण झोप आली. फूल केसांत तसंच ठेवून मी भिंतीशी आडवी झाले. त्या संध्याकाळचा स्वयंपाक कुणी केला ते मला आजही माहीत नाही.

त्यानंतर खिरापतीच्या पाळ्या लागल्या. पुरुषांच्या खिरापती म्हणजे एकेक तऱ्हा. मधल्या दिरांनी एकदा हिरव्या मिरच्या भरल्या, आणि ओळखलं की खावंच लागेल म्हणून हट्ट धरला. धाकट्यांनी गुजरीतून रेवड्या आणल्या आणि वाटेत निम्म्या खाल्ल्या. मामाजींनी स्वतःच्या पाळीला नातवाचा हात धरून मळ्यात जाऊन चिंचेची कोवळी पानं आणली. ती कुणालाही ओळखता आली नाहीत. मीही खेळले. फार वेळा चुकले.

काही वर्षं हे चाललं. मग मामाजी गेले. हिवाळ्यात छाती भरली आणि आठवड्यात आटोपलं. त्यांच्यानंतर एकत्र घर मोडायला दोन वर्षंही लागली नाहीत. भांडून नाही, हळूहळू. मधल्या दिरांना बियाण्यांच्या धंद्याची ओढ होती. त्यांनी अकोल्याला जठारपेठेत दुकान घेतलं आणि बिऱ्हाड हलवलं. धाकटे मळ्याच्या दुसऱ्या टोकाला घर बांधून राहिले. अमावास्येला बैल जुंपायचे नाहीत हा नेम तेवढा टिकला. आम्ही दोघं, सासूबाई, नणंदबाई आणि आमची लेकरं राहिलो. चार-सहा माणसांत तो खेळ चालेना. कोण काय आणणार ते आधीच कळायचं.

पुढं मधलीच्या मुलाच्या लग्नाला मी अकोल्याला गेले. तीन दिवस पाहुणे, जेवणावळी, मांडव. सगळं आटोपल्यावर दुपारी आम्ही दोघी मागच्या खोलीत सतरंजीवर पडलो. दोघींचेही पाय सुजले होते. तिनं माझे पाय चेपायला घेतले, मी नको म्हणत असताना. तिचं घर छान होतं. नळ होता, दिवे होते, दुकानात दोन नोकर. मी विचारलं, संध्याकाळी काय करता तुम्ही सगळे. ती म्हणाली, हे दुकानातून येतात, जेवतात, वर्तमानपत्र वाचतात. मुलगा मित्रांकडे जातो. ती स्वतः देवळात जाते.

"तुले करमते?" मी विचारलं.

ती म्हणाली, "काम कमी हाय बाई, ते बरंच हाय. तुमच्या घरी मी लय थकून जाओ."

मलाही थकायला व्हायचं, मी म्हटलं. ती म्हणाली, ते दिसायचं. थोडा वेळ ती पाय चेपत राहिली, मग तिचे हात मंदावले आणि ती तशीच माझ्या शेजारी कलंडली. आम्ही दोघी गाढ झोपलो. चार वाजता नव्या नवरीनं येऊन विचारलं, चहा ठेवू का, तेव्हा जाग आली.